‘मेन बंद केलाय ना?’

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने घणसोलीला लागून तळवली आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ज्या गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली, त्यांतलेच हे एक गाव. कौलारू घरांच्या जागी आता मजल्यावर मजले चढले आहेत. अशा कोणत्याही इमारतीत शिरा, जिन्याखाली मीटरांची रांग दिसेल. तिला टेकून एखादी स्कूटर, मुलांची सायकल, आणि दिवाळीच्या तोंडावर रंगाचे डबे. त्या रांगेकडे आपण महिन्यातून एकदाच, बिल हातात पडल्यावर, आणि तेही संशयाने पाहतो.

दिवाळी आली की मात्र घरोघरच्या यजमानांतला कारागीर जागा होतो. कंदिलासाठी एक जादा पॉइंट हवा असतो. स्वारी स्टुलावर चढते आणि आत ओरडते, “अगं, मेन बंद कर!” आतून उत्तर येते, “केलाय हो!” या दोन वाक्यांवर आपल्या मध्यमवर्गाचा जेवढा विश्वास आहे, तेवढा बँकेतल्या ठेवीवरही नसेल.

हा विश्वास अर्धाच खरा आहे. स्वयंपाकघरातला नळ बंद केला म्हणून भिंतीतला पाइप रिकामा होत नाही; नळापर्यंत पाणी येऊन थांबलेलेच असते. विजेचेही तसेच. रस्त्यावरच्या खांबावरून किंवा डीपीतून केबल इमारतीत येते, कट-आउटमधून मीटरमध्ये जाते आणि तेथून तुमच्या मेन स्विचपर्यंत पोहोचते. स्विच खाली पाडला की त्याच्या पुढचे घर निर्जीव होते. पण स्विचमध्ये शिरणारी तार, मीटर आणि कट-आउट ही सारी मंडळी २३० व्होल्टनिशी जागीच असतात. त्यांना झोपवणारी कळ तुमच्या घरात कोठेही नाही. म्हणजे पंख्याचा स्विच बदलणाऱ्याला मेन स्विच तारतो, आणि खुद्द मेन स्विच बदलायला निघालेल्याला तोच फसवतो.

वर जुन्या घरांत आणखी खोड्या असतात. एकाच वायरीला तोडणारा जुना स्विच कुणीतरी फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असला, तर दिवे विझतात, पंखे थांबतात, आणि तारेत वीज तशीच राहते. इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्याबरोबर तो इमानाने कामाला लागतो आणि अर्ध्या घरात पुन्हा वीज खेळवतो. म्हणून हात लावण्यापूर्वी टेस्टर लावावा. तो टेस्टरही आधी चालू पॉइंटवर लावून, पेटतो याची खात्री करून घ्यावी. मुका टेस्टर हा खोट्या साक्षीदाराहून वाईट.

“अहो, फ्यूज आहे ना!” असे म्हणणारे गृहस्थ भेटतात. फ्यूज काय किंवा हल्लीचा एमसीबी काय, तो तारेला वाचवण्यासाठी असतो, माणसाला नव्हे. सोळा अँपिअरचा एमसीबी म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. नऊ वॉटचा साधा एलईडी दिवा सुमारे चाळीस मिलिअँपिअर घेतो, आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडायला पुरेसा होतो. एमसीबीला त्याची दादही नसते. माणसासाठी असतो तो आरसीसीबी: तीस मिलिअँपिअरची गळती झाली की क्षणार्धात पुरवठा तोडणारा. त्यावर चाचणीचे बटण असते. ते मधूनमधून दाबून पाहावे. पण हा पहारेकरीही स्वतःच्या पुढच्या भागावरच पहारा देतो. मीटरपाशी पान्हा निसटून दोन तारा जोडल्या गेल्या, तर तो काही करू शकत नाही. तेथे ज्वाळेचा लोळच उठतो आणि हात-तोंड भाजून निघते.

म्हणूनच कायद्याने येथे रेघ ओढली आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलायला घरमालकाला मुभा आहे. त्यापलीकडचे वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून, परवाना असलेल्या माणसाच्या हातून व्हावे, असे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होते. २०१० आणि २०२३ च्या नियमांनी तेच पुढे चालवले. मीटर आणि त्याच्या अलीकडची सामग्री तर पुरवठा कंपनीची, म्हणजे तळवलीत महावितरणची. तिचे सील तोडून अनधिकृत जोडणी केली तर २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या १३८ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा मेन स्विच बदलायचा असेल तर आधी कंपनीकडून पुरवठा तोडून घ्यावा. त्यात एखादा दिवस मोडतो, आणि सणाच्या दिवसांत कोणालाच तो मोडवत नाही, हीच खरी अडचण.

मजल्यांच्या इमारतीत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. इमारतीत तीन फेज येतात आणि सर्वांचा न्यूट्रल एक. हा सामाईक न्यूट्रल सैल झाला किंवा जळाला, की एका बिऱ्हाडात दिवे मिणमिणू लागतात आणि शेजारी डोळे दिपतील असे उजळतात. २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट चढू शकतात. फ्रिज, टीव्ही पाहता पाहता जातात. अशा वेळी घरचा मेन पाडावा, शेजाऱ्यांनाही पाडायला सांगावा आणि १९१२ वर फोन करावा. जिन्याखाली जाऊन तारा हलवून पाहण्याचा मोह मात्र आवरावा. पावसाळ्यात तेथली भिंत ओलसर असते, पायाखाली पाणी असते. अनवाणी मनुष्य तेथे स्वतःच अर्थिंग बनतो.

आणि वायरमन बोलावलात तर परवाना दाखवायला सांगा. आयटीआयच्या कागदांत त्याला ‘तारतंत्री’ म्हणतात. शब्द एखाद्या वीणावादकाला शोभावा असा आहे. खरा तारतंत्री त्या मागणीने रागावत नाही. पण “साहेब, कंपनीला कशाला कळवता, चालू लायनीवरच दोन मिनिटांत जोडून देतो,” असे कुणी म्हणाला, तर त्याला चहा द्यावा आणि स्टूल आत नेऊन ठेवावे.