विश्लेषण : मॉडिफाय केलेला गेम कन्सोल पुन्हा मूळ फर्मवेअरवर आणता येतो का?

नवा गेम कन्सोल परवडत नाही म्हणून वापरलेला घेणारी घरे गावोगावी आहेत. समजा, परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावच्या एका घरात दिवाळीला जुना प्लेस्टेशन ३ आला. आधीच्या मालकाने त्यात 'कस्टम फर्मवेअर' टाकले होते. हार्ड डिस्कवर गेम भरलेले होते, म्हणून मुले खूश. पण ऑनलाइन खेळायला गेल्यावर अडचण आली आणि दुकानातून आणलेली नवी डिस्कही धड चालेना. हा कन्सोल कंपनीने दिला तसा परत करता येईल का? बहुतेक वेळा येतो. मात्र काही गोष्टी परत येत नाहीत आणि घाईत केलेली एक चूक काही हजार रुपयांची वस्तू कायमची बंद पाडू शकते.

फर्मवेअर म्हणजे काय? ते बदलले कसे जाते?

कन्सोल सुरू होताच सर्वांत आधी चालणारे, यंत्राच्या कायमस्वरूपी मेमरीत साठवलेले सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर. कंपनी त्यावर डिजिटल स्वाक्षरी करते. स्वाक्षरी जुळली तरच कन्सोल ते चालवतो. ही तपासणी चुकवून बसवलेले बदललेले सॉफ्टवेअर म्हणजे कस्टम फर्मवेअर. प्लेस्टेशन ३ बाबत सोनीचीच चूक महागात पडली. प्रत्येक स्वाक्षरीसाठी नवा यादृच्छिक आकडा वापरायला हवा होता, तिथे एकच आकडा पुन्हा पुन्हा वापरला गेला. त्यावरून गुप्त किल्ली गणिताने काढता येते, हे डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनमधील परिषदेत 'फेलओव्हरफ्लो' या गटाने दाखवले. जानेवारी २०११ मध्ये जॉर्ज हॉट्झ याने किल्ली जाहीर केली. सोनीने त्याच्यावर दावा लावला. एप्रिलमध्ये समझोता जाहीर झाला.

परत येण्याची पद्धत काय?

प्लेस्टेशन ३ साठी सोनीच्या संकेतस्थळावरून अधिकृत अपडेट फाइल उतरवून ती फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ठेवतात. फोल्डरची आणि फाइलची नावे कंपनीने दिली तशीच, कॅपिटल अक्षरांत असावी लागतात. मग कन्सोल 'सेफ मोड'मध्ये सुरू करून 'सिस्टीम अपडेट' हा पर्याय निवडतात. त्याच यादीत 'रिस्टोअर पीएस ३ सिस्टीम' हाही पर्याय असतो. तो निवडला की हार्ड डिस्कवरचे सगळे पुसले जाते, त्यामुळे सेव्ह केलेले खेळ आधी बाहेर काढून ठेवलेले बरे. पीएसपीमध्ये अपडेट फाइल मेमरी कार्डवरील ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकून थेट चालवतात. त्याची शेवटची अधिकृत आवृत्ती ६.६१, ती २०१५ मध्ये आली. पीएसपीच्या नंतरच्या मॉडेल्समध्ये कस्टम फर्मवेअर बहुधा तात्पुरतेच असते. यंत्र पूर्ण बंद केले की मूळ फर्मवेअरच सुरू होते.

सगळेच कन्सोल इतक्या सहज परततात का?

नाही. पहिला अडसर बिघडलेल्या सुट्या भागांचा. प्लेस्टेशन ३ चा ब्लू-रे ड्राइव्ह मेलेला असेल किंवा दुसऱ्या कन्सोलचा बसवलेला असेल, तर अधिकृत अपडेट मध्येच अडकते आणि कन्सोल पुन्हा पुन्हा अपडेट मागत राहतो. अशा कन्सोलवर ड्राइव्हची तपासणी वगळणारे फर्मवेअर टाकून काम भागवलेले असते. बाहेरून ते कळत नाही, म्हणून अपडेटला हात लावण्याआधी डिस्क चालते का ते पाहावे. दुसरा अडसर जोडलेल्या चिपचा. एक्सबॉक्स ३६० मध्ये अनेकदा मदरबोर्डवर जास्तीची चिप सोल्डर केलेली असते. अशा वेळी मूळ मेमरीची जपून ठेवलेली प्रत लागते आणि सोल्डरिंग उतरवणारा सफाईदार हातही. तिसरा अडसर 'फ्यूज'चा. निन्टेंडो स्विचच्या प्रोसेसरमध्ये ठरावीक अपडेटगणिक एक सूक्ष्म फ्यूज कायमचा जळतो. जळलेले फ्यूज जास्त आणि फर्मवेअर जुने असेल, तर मूळ पद्धतीने कन्सोल सुरूच होत नाही. वर चढता येते, खाली उतरता येत नाही.

अपडेट चालू असताना वीज गेली तर?

राणीसावरगावसारख्या ठिकाणी सगळ्यात मोठा धोका हाच आहे. नवे फर्मवेअर मेमरीत लिहिले जात असताना वीज गेली, तर जुने अर्धे पुसलेले आणि नवे अर्धे लिहिलेले राहते. कन्सोल विटेसारखा निर्जीव होतो. तंत्रज्ञ त्याला 'ब्रिक होणे' म्हणतात. कधी सेफ मोडमधून तो वाचतो, कधी मेमरी थेट मशीनने लिहावी लागते. ते काम गंगाखेडच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होईलच असे नाही. पीएसपीला स्वतःची बॅटरी आहे आणि ती पुरेशी भरलेली नसेल, चार्जर जोडलेला नसेल, तर तो अपडेट सुरूच करत नाही. प्लेस्टेशन ३ ला बॅटरी नाही. त्यामुळे कन्सोल इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर घ्यावा आणि वादळवाऱ्याच्या संध्याकाळी, गावठाण फीडर ट्रिप होण्याच्या दिवसांत हे काम काढू नये. फाइल आधीच पूर्ण उतरवून ठेवावी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भरवसा ठेवून थेट इंटरनेटवरून अपडेट करू नये.

मूळ फर्मवेअर आले की ऑनलाइन बंदी उठते का?

नाही. बंदीची नोंद कन्सोलमध्ये नसते, कंपनीच्या सर्व्हरवर असते. नोव्हेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने मॉडिफाय केलेले एक्सबॉक्स ३६० मोठ्या संख्येने एक्सबॉक्स लाइव्हवरून बाहेर काढले, तेव्हाही तसेच झाले. ओळख क्रमांकावर बंदी आली असेल, तर आतले सॉफ्टवेअर कितीही शुद्ध केले तरी दार बंदच राहते. म्हणून मूळ फर्मवेअर टाकण्याआधी कन्सोल ऑनलाइन नेऊ नये.

'मूळ' म्हणजे विकत घेतले तेव्हाचे का?

तसेही नाही. अधिकृत फर्मवेअर म्हणजे कंपनी आज जे देते ते. प्लेस्टेशन ३ वर सुरुवातीला लिनक्स चालवण्याची सोय होती. १ एप्रिल २०१० रोजी आलेल्या ३.२१ या अपडेटने ती काढून घेतली. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा केला आणि पुढे समझोता झाला. मूळ स्थितीत परतताना आपण कंपनीच्या आजच्या अटींवर परततो, हे ध्यानात असावे.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. यात 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा. अधिकृत फर्मवेअर परत बसवण्यात संरक्षण तोडले जात नाही, उलट ते पूर्ववत होते. पण हार्ड डिस्कवर उरलेले चोरीचे गेम त्यामुळे अधिकृत ठरत नाहीत; ते पुसलेलेच बरे.

जुना कन्सोल घेताना काय पाहावे?

पैसे देण्याआधी दुकानातच चार गोष्टी तपासाव्यात. सेटिंग्जमधील 'सिस्टीम इन्फर्मेशन'मध्ये फर्मवेअरची आवृत्ती पाहावी. कंपनीच्या यादीत नसलेले नाव दिसले तर तो बदललेला आहे. खरी डिस्क टाकून गेम सुरू होतो का, ते पाहावे. मागचे सील व स्क्रू उघडल्याच्या खुणा बघाव्यात. आणि विकणाऱ्यालाच सांगावे, 'मूळ फर्मवेअर टाकून, ऑनलाइन चालवून दाखव.' अपडेट अडकलेच, तर ते त्याच्या टेबलावर अडकू द्यावे, परभणीहून गावी आणल्यावर घरी नव्हे.