सकाळची पहिली शू

अल्फारेटात मार्च उजाडला की गाड्या, डेकवरच्या खुर्च्या, मुलांच्या सायकली अशा सगळ्यावर हळदीसारखी पिवळी भुकटी बसते. पाइनचे पराग. महिनाभर निम्मं गाव शिंकत असतं आणि उरलेलं डोळे चोळत असतं. त्यामुळे २०२१च्या मार्चअखेरीस आमचा चार वर्षांचा धाकटा सुजलेले डोळे घेऊन उठला, तेव्हा मी आणि ह्यांनी एका सुरात निदान केलं, ‘पोलन!’ जिथे दाखवायला नेलं तिथेही अ‍ॅलर्जीचंच औषध मिळालं. दुपारपर्यंत सूज उतरायची, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. आठवड्याभरात त्याच्या पँटचं बटण लागेना. व्हिडिओ कॉलवर सासूबाई खूश, ‘छान अंग धरलंय हो पोराने!’

ते अंग नव्हतं, पाणी होतं. मोजे काढल्यावर पायावर वळ तसाच राहिला, बोटाने दाबलं तर खळगा पडला, तेव्हा मी घाबरले आणि पुन्हा डॉक्टरांकडे धावले. ह्या वेळी त्यांनी लघवी तपासली. कागदाच्या पट्टीवरचा पिवळा चौकोन मिनिटभरात गडद हिरवा झाला आणि खोलीतल्या सगळ्यांचे आवाज एकदम हळू झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांच्या किडनीच्या डॉक्टरांसमोर होतो. मुलांच्या किडनीचा वेगळा डॉक्टर असतो हेही मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

आडनाव वाचून मास्कमागून मराठी आलं, ‘बसा आधी. रडायचं असेल तर रडून घ्या, मग मी सांगते ते नीट ऐकू येईल.’ मी रडले. मग त्यांनी धाकट्याला विचारलं, ‘काय रे, शू कुठाय माझी?’ तो इतका हसला की त्या दिवसापासून त्या आमच्या घरात ‘शू-डॉक्टर’.

ह्या अंकासाठी त्यांच्यावर लिहू का, असं विचारलं तेव्हा दोन अटी आल्या. नाव नको आणि हॉस्पिटलचंही नाव नको. ‘नाहीतर मंडळाच्या पिकनिकला लोक बाटल्या घेऊन येतील.’ म्हणून इथे त्या नुसत्या डॉक्टरताई.

आजाराचं नाव नेफ्रॉटिक सिंड्रोम. माझ्यातल्या जुन्या शिक्षिकेला कळेल अशा भाषेत ताईंनी तो समजावला. किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. रक्तातला अल्ब्युमिन नावाचा प्रथिनांचा भाग त्या अडवून धरतात. गाळणी सैल झाली की तो लघवीतून वाहून जातो. रक्तात पाणी धरून ठेवायचं काम त्याचंच, त्यामुळे पाणी रक्तातून झिरपून डोळ्यांखाली, पोटात, पायांत साठतं. स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक्स येण्यापूर्वी ह्यातली फार मुलं जंतुसंसर्गाने दगावत. आज दहापैकी आठ-नऊ मुलांची गाळणी स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चारेक आठवड्यांत पूर्ववत होते. पण बहुतेकांचा आजार एकदा तरी उलटतो, काहींचा वारंवार. पुष्कळजणांना तो मोठेपणी सोडून जातो. कधी, ते कोणी सांगू शकत नाही.

म्हणून घरी रोज सकाळची पहिली शू तपासायची आणि वहीत लिहायचं. सलग तीन दिवस तीन अधिक आलं की फोन करायचा. आमच्या वहीत हवामान खात्यासारख्या नोंदी आहेत. ‘निरंक. निरंक. किंचित. निरंक. (आजी-आजोबा आले.)’ ताई वही पहिल्या पानापासून वाचतात, मुलाकडे नंतर बघतात. त्यांचं म्हणणं, शू खोटं बोलत नाही, आया थोडंसं बोलतात.

ताई मुंबईत शिकल्या. तिथल्या सरकारी इस्पितळात पट्ट्या परवडायच्या नाहीत, म्हणून आयांना वेगळी युक्ती शिकवत. परीक्षानळीत लघवी घ्यायची, सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकायचे आणि नळीमागे छापील कागद धरायचा. अक्षरं स्वच्छ दिसली तर ठीक, धूसर झाली तर प्रथिनं आहेत, मुळीच दिसली नाहीत तर मुलाला घेऊन या. ‘ज्या बाईला वाचता येत नव्हतं,’ ताई म्हणाल्या, ‘तिला अक्षरं दिसतात की नाही हे बरोबर सांगता यायचं.’ हे ऐकून मी घरी आल्यावरही बराच वेळ गप्प होते. परळचं वाडिया इस्पितळ १९२९पासून मुलांचं. तिथे डॉ. कुमुद मेहता आणि पुढे डॉ. उमा अली यांनी मुलांच्या किडनीचं शास्त्र रुजवलं, पुण्यात केईएमला डॉ. ज्योती शर्मा यांनी. ताईंच्या बोलण्यात ही नावं गाण्यातल्या लोकांनी गुरूंचं नाव घ्यावं तशी येतात, कानाला हात लावायचा तेवढा राहतो.

अमेरिकेत आल्यावर तीन वर्षं बालरोगाची रेसिडेन्सी, त्यावर तीन वर्षं किडनीची फेलोशिप. ह्या फेलोशिपच्या जागा दरवर्षी बऱ्याच रिकाम्या राहतात. काम जास्त, मिळकत त्या मानाने कमी. ‘मग का केलंत?’ असं मी विचारलं. ‘माझी पेशंट मुलं परत परत येतात. दोन वर्षांची असताना आलेली मुलगी गाडी चालवत येते, तेव्हा बरं वाटतं. शिवाय मला राजमा आवडतो.’ हा राजम्याचा विनोद सोसून घ्यावा लागतो. मंडळाच्या पॉटलकला त्यांचा पदार्थ गेली कित्येक वर्षं एकच आहे.

त्यांचा दिवस डायलिसिसच्या मुलांपासून सुरू होतो. ज्यांची किडनी पार थकली आहे अशी मुलं आठवड्यातून निदान तीनदा तीन-चार तास मशीनला जोडलेली असतात. काहींचं डायलिसिस घरीच, रात्री झोपेत, पोटातल्या नळीतून होतं. मला वाटलं होतं तिथे रडारड असेल. ताई म्हणाल्या, असते, पण जास्त भांडण टीव्हीच्या रिमोटवरून असतं. एका कोपऱ्यात शिक्षिका बसून गणित घेत असते, कारण आठवड्यातले तीन दिवस शाळा बुडून कसं चालेल? मशीनची नळी एका हाताला, म्हणून दुसऱ्या हाताने अपूर्णांक. सांगलीच्या वर्गात मी साठ मुलांना अपूर्णांक शिकवलेत आणि मला ते कठीण काम वाटायचं.

ह्या मुलांना पाणी मोजून मिळतं. उन्हाळ्यातसुद्धा घोट मोजायचे, चव म्हणून बर्फाचा खडा. मग एक दिवस किडनी मिळते. बहुधा मोठ्या माणसाचीच, साधारण दहा किलोच्या बाळाच्या पोटातही ती बसवतात. ती तर मोठ्या माणसाएवढं पाणी मागते. म्हणजे कालपर्यंत ‘पिऊ नकोस’ म्हणून दटावणाऱ्या ताई आजपासून ‘दोन-अडीच लिटर संपव’ म्हणून मागे लागतात. एक पोरगा त्यांना म्हणाला होता, तुम्ही आधी एकदा काय ते ठरवा.

दुपारी ओपीडी. तिथे त्या दोन गोष्टींवरून सगळ्यांशी भांडतात, ब्लडप्रेशरच्या पट्ट्याचं माप आणि मुलाची उंची. पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल तर आकडा उगाच जास्त येतो. आणि उंची? मी विचारलं, किडनीचा उंचीशी काय संबंध? ताईंनी पेपर नॅपकिनवर गणित मांडलं. रक्तातलं क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, लहान मुलाला स्नायू थोडे. म्हणून ०.४१३ गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले क्रिएटिनिन. तीन वर्षांचं मूल ९५ सेंटिमीटरचं आणि क्रिएटिनिन १ असेल तर उत्तर ३९. असायला हवं नव्वदच्या वर. मोठ्या माणसाच्या रिपोर्टवर जो आकडा ‘नॉर्मल’ म्हणून खपतो, तोच ह्या पोराची निम्म्याहून जास्त किडनी गेल्याचं सांगतो. ‘आणि कोणी उंची बुटांसकट मोजली,’ ताई म्हणाल्या, ‘तर मला राग येणार नाही का?’

हे सूत्र डॉ. जॉर्ज श्वार्ट्झ यांचं. आत्ताचं रूप २००९चं. ते सिद्ध झालं एका मोठ्या अभ्यासातून, ज्यात अमेरिका आणि कॅनडातल्या पन्नासच्या वर केंद्रांनी किडनीचा जुना आजार असलेल्या मुलांना वर्षानुवर्षं मोजलं. आपलं अटलांटाही त्यात होतं, एमरीचे डॉ. लॅरी ग्रीनबॉम त्यातलेच. संशोधन म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर धूर निघणाऱ्या काचेच्या नळ्या येतात. ताईंचं संशोधन म्हणजे मुख्यतः फोन. ‘रक्त द्यायला या हं, पार्किंग फुकट आहे.’ मग रात्री मुलं झोपल्यावर तक्ते. एका वर्षी नवऱ्याने वाढदिवसाला काय हवं विचारलं, तर म्हणाल्या, डेटामधल्या रिकाम्या चौकटी भरून दे.

पण संशोधन म्हणजे काय ते मला कळलं ते आमच्या सर्दीमुळे. नेफ्रॉटिक मुलाला सर्दी झाली की आजार उलटण्याची भीती असते. २०२१च्या ऑक्टोबरात धाकटा शिंकायला लागला. तेव्हा तो एक दिवसाआड गोळी घेत होता. ताईंनी पाच दिवस रोज द्यायला सांगितली. भारत-श्रीलंकेतल्या लहान अभ्यासांत त्याचा उपयोग दिसला होता. आम्ही दिली. तरी आजार उलटलाच, ऐन दिवाळीच्या तोंडावर.

ती दिवाळी! सूज असली की मीठ बंद. मी बिनमिठाची चकली केली. ह्यांनी एक खाल्ली आणि म्हणाले, ‘चकली नाही, शिक्षा आहे.’ गोडाला तशी बंदी नव्हती, पण जास्त डोसच्या स्टेरॉइडने मुलाला अशी भूक लागते की पहाटे तीनला तो स्वयंपाकघरात उभा. गाल फुगलेले, चिडचिड इतकी की फुलबाजी विझली म्हणून तासभर रडणं. ताईंना फोन केला, लाडू किती देऊ? ‘एक. एक म्हणजे एक. आजीचा एक नाही.’

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा सर्दी. मी शहाण्यासारखी विचारलं, रोज गोळी सुरू करू ना? ताई म्हणाल्या, ‘नको.’ मधल्या काळात ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला होता. साडेतीनशेहून जास्त मुलं. निम्म्यांना सर्दीत सहा दिवस थोडं स्टेरॉइड, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. आजार उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं. ‘म्हणजे गेल्या वर्षी दिलं ते चुकलं?’ मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्यांनी सारवासारव केली नाही. ‘तेव्हा जे माहीत होतं त्यावर दिलं. आता जास्त माहीत आहे. तेव्हाच्या गोळ्या वाया गेल्या असतील.’ मी फोन ठेवला तेव्हा रागावलेली होते. पण आईवडिलांनी आपापली मुलं खोट्या गोळीच्या चिठ्ठीत घातली, म्हणून माझ्या मुलाच्या पोटात त्या हिवाळ्यात सहा दिवसांचं स्टेरॉइड गेलं नाही, हे मला रात्री भांडी घासताना सुचलं. दुसऱ्या दिवशी मी ताईंना विचारलं, आमच्यासारख्यांसाठी असा काही अभ्यास चालू असेल तर सांगा. टोरंटोच्या २०१६च्या एका अभ्यासात दक्षिण आशियाई वंशाच्या मुलांत हा आजार युरोपीय वंशाच्या मुलांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त दिसला होता. का, ते अजून उलगडलेलं नाही. कोणाच्या तरी रक्ताच्या नळ्यांतूनच उलगडेल, मग आमची का नको?

ह्यांचा आधी विरोध होता, ‘सुया काय कमी टोचल्यात त्याला?’ दोन महिने आमची चर्चा चालली. शेवटी धाकट्यानेच विचारलं, ‘स्टिकर मिळेल का?’ मिळतो. मोठा मिळतो.

आता तो आठ वर्षांचा आहे. गेले चौदा महिने वहीत ओळीने ‘निरंक’ आहे, हे लिहिताना मी लाकडी टेबलाला हात लावून घेतला. पट्टी आता तो स्वतः बुडवतो, घड्याळ लावतो, रंग जुळवतो आणि जिन्यावरून ओरडून निकाल जाहीर करतो, पाहुणे असले तरी. परवा भाजणी दळून आली. चकलीत मीठ घालू का, असं मी फोनवर विचारलं, तर ताई म्हणाल्या, ‘घाल की! आणि माझ्यासाठी एक डबा वेगळा काढ. पण तुझ्या त्या २०२१च्या पद्धतीने नको.’