दुधाच्या हिशेबाखाली

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. तारखेच्या चौकोनात बायको दुधाचा हिशेब लिहिते : एक लिटर, दीड लिटर, खाडा. त्याच्याखाली हिरव्या पेनानं आणखी एक आकडा असतो. १, १॥, २, कधी नुसती फुली. पाहुण्यांना वाटतं, आमच्याकडं दूधवाले दोन आहेत. खालचा हिशेब पट्टीचा आहे. लेकीच्या चांगल्या डोळ्यावर त्या दिवशी किती तास पट्टी टिकली, त्याचा. फुली म्हणजे त्या दिवशी आम्ही हरलो.

भिंतीवर आता चौथं कालनिर्णय आहे.

माझं कोपरखैरण्यात चष्म्याचं दुकान आहे. वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. त्यांनी पोती वाहिली, मी दादरला एका दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायला शिकलो आणि मग इथं स्वतःचा गाळा घेतला. अठरा वर्षं लोकांचे डोळे बघतोय. चष्मेवाल्याच्याच घरात डोळ्याचं दुखणं उशिरा कळलं, हे गिऱ्हाइकांना सांगायची माझी छाती होत नाही. इथं सांगतो.

२२ मार्च २०२३, पाडवा. लेक आठ आठवड्यांची होती. गुढी खिडकीत, घरात अंधार, म्हणून मेव्हण्यानं मोबाईलचा फ्लॅश मारून फोटो काढला. रात्री बायको फोटो मोठा करून म्हणाली, "अहो, हिच्या उजव्या डोळ्यात पांढरं काय दिसतंय?" मी नीट बघितलंही नाही. "फ्लॅश आहे," म्हणालो. आणि वर तिला समजावून सांगितलं.

समजावलं ते खोटं नव्हतं. फ्लॅशचा उजेड बाहुलीतून आत जातो, मागच्या पडद्यावर आपटून परत येतो. तिथं रक्तवाहिन्यांचं जाळं, म्हणून फोटोत डोळे लाल दिसतात. कॅमेऱ्याचा कोन तिरका पडला तर निरोगी डोळाही कधी पांढरा चमकतो. पण तीच पांढरी चमक वाटेत काही अडथळा असला तरी येते. मोतीबिंदू असू शकतो, पडद्याचा आजार असू शकतो, लहान मुलांच्या डोळ्यात होणारा कॅन्सरही असू शकतो. फोटो बघून यातलं काय ते ठरवता येत नाही. डॉक्टरांनी डोळा तपासावा लागतो. मी अर्धंच सांगितलं आणि शहाणा ठरलो.

बायको त्यानंतर दोनदा म्हणाली, की पोर तोंडाकडं बघून हसत नाही, आवाज आला की हसते. हेही मी ऐकून सोडलं. सहा-आठ आठवड्यांचं मूल माणसाचं तोंड बघून हसायला लागतं, तीन महिन्यांचं झालं की हलत्या वस्तूमागं नजर फिरवतं. आई दिवसभर त्याच तोंडाकडं बघत असते. तिला जे दिसतं ते दुकानातल्या मशीनला दिसत नाही.

अडीच महिन्यांच्या डोसला गेलो तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी खोलीतला दिवा घालवला आणि हातातल्या यंत्राचा उजेड लेकीच्या डोळ्यांत टाकला. एका डोळ्यात, मग दुसऱ्यात, मग परत पहिल्यात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्यात गच्च, डाव्यात मधोमध ठिपका. माझ्या शहाणपणात अडीच आठवडे गेले होते.

घरी सांगितल्यावर वडिलांना धीर आला. त्यांचं आदल्याच वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. "वीस मिनिटांचं काम आहे लेका. दुसऱ्या दिवशी मी पेपर वाचला." नातीसाठी त्यांनी स्वतःचा उरलेला काळा चष्माही काढून ठेवला.

फरक मला नेत्रतज्ज्ञ बाईंनी कागदावर मेंदूचं चित्र काढून सांगितला. वडिलांच्या मेंदूला बघता येत होतं, फक्त काच धुरकट झाली होती. काच बदलली, पेपर दिसला. बाळाच्या मेंदूनं अजून काहीच बघितलेलं नाही. डोळ्याकडून चित्र आलं तर तो बघायला शिकतो, नाही आलं तर तिथली जागा दुसऱ्या डोळ्याला देऊन टाकतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने शिवून बंद ठेवला. टाके काढल्यावर डोळा ठणठणीत होता, पण मेंदू त्याचं ऐकेना. मोठ्या मांजरीवर तोच प्रयोग केला तर काही बिघडलं नाही. या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं. म्हणून बाळाचा मोतीबिंदू "थोडी मोठी होऊ दे, मग बघू" म्हणून ठेवायचा नसतो. एकाच डोळ्यात असेल तर साधारण सहा आठवड्यांच्या आसपास आणि दोन्हींत असेल तर आठ-दहा आठवड्यांपर्यंत काढला तर उत्तम. आमची बारा आठवड्यांची झाली होती.

दरम्यान आत्याबाईंचा फोन येऊन गेला. २०२२ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, २५ ऑक्टोबरला सूर्यग्रहण होतं, आणि बायको तेव्हा गरोदर होती. "तिनं त्या दिवशी काही चिरलं होतं का रे?" चिरलं होतं. मेथी. बायकोनं कुणाला न सांगता ती मेथी मनात धरून ठेवली, आणि तपासणीच्या वेळी एकदम डॉक्टरबाईंनाच विचारलं. बाईंनी कॅलेंडर मागितलं, महिने मोजले आणि म्हणाल्या, "डोळ्यातलं भिंग पहिल्या दोन-अडीच महिन्यांत आकाराला येतं. ग्रहणाला तुम्हाला सहावा महिना होता. मेथी निर्दोष आहे." बायको त्या दिवशी रिक्षात पहिल्यांदा रडली.

खरी कारणं वेगळी असतात. काही घराण्यांतून येतात, काही शरीरातल्या रासायनिक बिघाडातून. एक मोठं कारण रुबेला, म्हणजे जर्मन गोवर. १९४१ मध्ये सिडनीच्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या पोरांच्या आयांना गरोदरपणी रुबेला होऊन गेला होता. आईला साधा ताप आणि पुरळ, पोराच्या डोळ्यांवर, कानांवर, हृदयावर घाव. डोळे-कान दोन्ही गेलेली, ना दिसत ना ऐकू येत अशी मुलं आपल्याकडं शिकू शकतात, हे मुंबईत १९७७ मध्ये सुरू झालेल्या हेलन केलर संस्थेनं दाखवलं. तिचं एक केंद्र माझ्या दुकानापासून लांब नाही, महापे एमआयडीसीत आहे. वर्षानुवर्षं त्या रस्त्यानं गेलो, पाटी वाचली नव्हती. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस टोचली, तेव्हा व्हॉट्सअपवर अफवा फिरत होत्या आणि माझ्या चुलतभावानं पोराला त्या दिवशी शाळेत पाठवलं नव्हतं. ती लस कशासाठी होती ते आता त्याला मीच सांगितलं. आमच्या लेकीच्या बाबतीत कारण सापडलं नाही. बऱ्याच मुलांत ते सापडत नाही.

ऑपरेशनआधी चार तास अंगावर पाजायचं नव्हतं. पहाटे साडेतीनला शेवटचं पाजलं. सहापासून पोर भुकेनं रडायला लागली, आईच्या वासानं जास्तच. मग बायको हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन बसली आणि मी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारल्या. ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, ते चार तास आठवतात. आठवड्यानं दुसऱ्या डोळ्याच्या वेळी पुन्हा तेच.

इतक्या लहान डोळ्यात आमच्या डॉक्टरांनी कृत्रिम भिंग बसवलं नाही. डोळा अजून वाढायचा असतो. जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागं जेमतेम १७ मिलिमीटर, मोठ्या माणसाचा साधारण २४. आज बसवलेलं भिंग उद्या चुकीचं ठरतं. तोवर कॉन्टॅक्ट लेन्स नाही तर चष्मा. आम्ही चष्मा घेतला, कारण तो मला बनवता येत होता.

कागदावर नंबर होता प्लस २२. दुकानात रोज प्लस दोन, प्लस अडीच बघणाऱ्याला हा आकडा बघून घाम फुटतो. पूर्वी मोतीबिंदू काढलेल्या आजोबांना सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा असायचा, तो साधारण प्लस दहा-बाराचा. हा त्याच्या दुप्पट, आणि फ्रेम माझ्या दोन बोटांएवढी. तीन महिन्यांच्या पोरीच्या नाकाला उंचवटाच नसतो, फ्रेम टेकणार कशावर? काड्यांच्या जागी मऊ इलॅस्टिक, फ्रेम रबरासारखी, कुठं स्क्रू नाही. पहिली काच घासताना फुटली. दुसरी फुटली. तिसरी बसली. नंबरात डॉक्टरांनी मुद्दाम जवळचं धरलं होतं, कारण त्या वयात पोराचं जग हातभर लांबीचं असतं.

चष्मा घातल्यावर तिनं काय बघितलं, असं सगळे विचारतात. ती माझ्या मिशीकडं बराच वेळ बघत राहिली. मग भोकाड पसरलं.

चष्म्याची सवय आठवड्यात लागली. लोकांची लागली नाही. ट्रेनमध्ये समोरची बाई हमखास म्हणते, "एवढ्याशीला चष्मा? मोबाईल दाखवत असाल." सुरुवातीला मी समजावून सांगायचो. हल्ली "हो" म्हणतो.

पट्टीची सवय मात्र कुणालाच लागत नाही. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू जास्त गच्च होता, त्यामुळं मेंदूनं डाव्यालाच जवळ केलं होतं. आळशी डोळा म्हणतात तो हा उजवा. त्याला कामाला लावायचं तर चांगला डोळा रोज झाकायचा. म्हणजे पोरीला जेवढं दिसतंय तेवढंही आपल्या हातानं काढून घ्यायचं. मे महिन्यातल्या नवी मुंबईत, घामानं चिकटपट्टी सुटते, सुटली नाही तर गालावर पुरळ उठतं. माझ्या आईनं रात्री पोरीला खोबरेल लावलं की सकाळी पट्टी चिकटत नाही. मग तेल बंद, आईचा रुसवा सुरू. हातमोजे घालून बघितले. शेवटी बायकोनं वेळ बांधून घेतली : चपात्या करताना पट्टी. ओट्याखाली पोर, हातात कणकेचा गोळा. लाटण्याचा आवाज असेपर्यंत ती पट्टीला हात लावत नाही. आमच्याकडं मध्यंतरी गरजेपेक्षा फार चपात्या झाल्या.

पुढं डॉक्टरांनी रोज दोन तास सांगितले तेव्हा मी विचारलं, जास्त ठेवली तर लवकर सुधारेल का? अमेरिकेत २००३ मध्ये सात वर्षांखालच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात मध्यम आळशी डोळ्यासाठी दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी पडली, असं त्या म्हणाल्या. सहा तास ठेवून चार दिवसांनी कंटाळण्यापेक्षा दोन तास रोज. त्या दिवसापासून बायकोनं हिरवं पेन घेतलं.

आता दुकानात लहान मूल कडेवर घेऊन कुणी आलं की मी फ्रेम दाखवायचं सोडून त्या मुलाकडं बघत बसतो. घरी करायची एक गोष्ट सगळ्यांना सांगतो. खेळता खेळता मुलाचा एक डोळा तळहातानं झाका, मग दुसरा. एक झाकल्यावर मूल खेळत राहिलं आणि दुसरा झाकल्यावर हात झटकायला, रडायला लागलं, तर त्याला एकाच डोळ्यानं दिसतंय. मूल स्वतः कधीच तक्रार करत नाही. जग असंच धुरकट असतं, अशीच त्याची समजूत असते.

तिरळं मूल नशीबवान, म्हणणारे भेटतात. चार महिन्यांपर्यंत डोळे अधूनमधून इकडंतिकडं गेले तर चालतं, पुढं नाही. बसकं नाक असलं की नुसता भासही होतो, पण तो भास आहे हे डॉक्टरांना म्हणू दे. ज्या डोळ्यांचं बारशात सगळे कौतुक करतात, "काय टपोरे डोळे आहेत हो," ते टपोरे डोळे उजेडात मिटत असतील, सारखे पाणावत असतील, तर तो काचबिंदू असू शकतो. आत दाब वाढून बुबुळच मोठं झालेलं असतं. नुसतं पाणी येत असेल, डोळा लाल नसेल आणि मूल मजेत असेल, तर बहुतेक वेळा अश्रूंची नळी उघडलेली नसते, आणि वर्षाच्या आत ती आपोआप उघडते. काजळ आणि अंगावरचं दूध, दोन्ही डोळ्यात घालू नका. हे सांगितल्यावर आज्या माझ्याकडं ज्या नजरेनं बघतात, तिला प्लस बावीसचा चष्मा लागत नाही.

घणसोलीचे एकजण जुळ्यांचे पेढे घेऊन आले होते. पोरं आठव्या महिन्यात झालेली, वजन दीड-दीड किलो, काचेच्या पेटीतून नुकतीच बाहेर. मी पेढा हातात धरूनच विचारलं, डोळ्याचा पडदा तपासला का? अपुऱ्या दिवसांच्या मुलांत पडद्याच्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात, बाहेर आल्यावर त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढून काढू शकतात. बाहेरून काहीही दिसत नाही. म्हणून ३४ आठवड्यांच्या आधी किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं मूल जन्मलं, तर तीस दिवसांच्या आत पडदा तपासायचा, फारच लहान असेल तर त्याच्याही आधी. लेसरनं डोळा वाचतो. चेन्नईत १९९६ मध्ये जन्मलेल्या एका मुलीची ही तपासणी राहून गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला पावणेदोन कोटींच्या आसपास भरपाई दिली, तेव्हा ती मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची होती आणि तिला दिसत नव्हतं. जुळ्यांचा बाप पेढे तिथंच ठेवून फोन करायला बाहेर गेला. पोरांचा सव्विसावा दिवस होता.

खर्चाचं सगळे हळू आवाजात विचारतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, जन्मजात मोतीबिंदू त्याच्या यादीत आहे आणि उपचार फुकट आहेत. ज्यांची नजर पुरती येत नाही अशा मुलांसाठी वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे. टॉवरमधले लोक अंगणवाडीचं नाव काढलं की गप्प होतात. माथाडी वसाहतीतले पत्ता विचारतात.

लेकीचा नंबर आता प्लस १५ वर आला आहे. डोळ्याचा दाब दर काही महिन्यांनी बघावा लागतो, तो आयुष्यभर बघावा लागणार. भिंग बसवायचं पुढं कधीतरी. उजवा डोळा डाव्याएवढा होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. अडीच आठवड्यांचं मी त्यांना विचारलेलं नाही.

परवा पट्टी लावून ती माझ्या मांडीवर बसली होती, मोबाईलवर जुने फोटो बघत. पाडव्याचा फोटो आला. तिनं नाक काचेला लावून बघितलं आणि त्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट घासायला लागली. "पप्पा, इथं लागलंय. पुस की." मी काही बोलेपर्यंत घासता घासता फोटो मोठा होत गेला, आणि पडद्यावर गुढीच्या कडुलिंबाची तेवढी डहाळी राहिली.