विश्लेषण : मोठ्या टायरच्या गाडीचे स्टिअरिंग ८०च्या वेगालाच का थरथरते?

लालबाग, परळ, दादरच्या कोंडीत थार किंवा जिम्नी कितीही फिरवा, काही जाणवत नाही. शिवडीहून अटल सेतूवर चढून गाडीने ७०-८०चा वेग पकडला की मात्र स्टिअरिंग हातात थरथरू लागते. ऑफ-रोड टायर बसवलेल्या गाड्यांत ही तक्रार नेहमीची. दोष टायरचा, रिमचा की स्टिअरिंगच्या जोडांचा, हे ओळखले नाही तर खर्च वाढतो आणि धोकाही तसाच राहतो.

वेग वाढल्यावरच थरथर का?

चाकाच्या एका बाजूला थोडे जास्त वजन असेल तर फिरताना ते चाकाला बाहेर ओढते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. थारला बसणारा २४५/७५ आर १६ टायर साधारण ७७ सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्याच्या नक्षीवर एका जागी ५० ग्रॅम वजन जास्त असेल, तर ताशी ३० किमी वेगाला ओढ सुमारे एक किलोची, ८०ला साडेसहा किलोची आणि १००ला दहा किलोची होते. ८०च्या वेगाला चाक सेकंदाला नऊ फेऱ्या घेते, म्हणजे असे नऊ हिसके बसतात. हा ताल सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला की थरथर सर्वाधिक होते. वेग आणखी वाढवल्यावर ती कमी झाली, तरी दोष गेलेला नसतो.

मोठ्या टायरचे बॅलन्सिंग अवघड का?

जाड नक्षीच्या टायरमध्ये रबर जास्त आणि तेही केंद्रापासून दूर. बॅलन्सिंगची वजने मात्र रिमवर, म्हणजे केंद्राजवळ लागतात. त्यामुळे नक्षीवरचे ५० ग्रॅम सावरायला १६ इंची रिमवर जवळपास दुप्पट वजन लागते. टायर रुंद असल्याने रिमच्या आतल्या आणि बाहेरच्या, अशा दोन्ही बाजू स्वतंत्रपणे सावराव्या लागतात. फक्त बाहेरून वजने चिकटवली तर चाक उड्या मारायचे थांबेल, पण डावी-उजवीकडे डुलत राहील. चाक मशीनवर नेमके मध्यभागी बसले नसेल, तर मशीन ‘शून्य’ दाखवते आणि गाडी तरीही थरथरते.

पावसाळी भटकंतीनंतर थरथर सुरू झाली असेल तर आधी रिमच्या आतली बाजू धुवावी. तिथे वाळलेला चिखल अनेकदा हेच काम करतो.

दोष नेमका कुठे, कसे ओळखावे?

– थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर संशय पुढच्या चाकांवर. सीट आणि फ्लोअरमध्ये असेल तर मागच्या चाकांवर किंवा प्रोपेलर शाफ्टवर.
– फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर होत असेल तर ब्रेक डिस्क तपासावी.
– पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावावीत. थरथरीची जागा बदलली तर दोष टायर किंवा रिममध्ये. बॅलन्सिंगनंतरही ती राहिली तर चाक फिरवून टायर गोल आहे का, रिम वाकली आहे का, हे पाहावे.
– जागा बदलली नाही तर बेअरिंग, टाय रॉड एंड आणि बुशमधला प्ले तपासावा. गाडी जमिनीवरच ठेवून एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने खालून जोड पाहावेत. सैल जोड चटकन दिसतो.

‘डेथ वॉबल’ म्हणजे काय?

जिम्नीचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड आहे. माझगावात जुळणी झालेल्या विलीज जीपपासून चालत आलेली ही रचना खडकाळ वाटेवर उपयोगी. पण तिच्यात एका चाकाचा हादरा थेट दुसऱ्याला पोहोचतो. २०२०च्या थारमध्ये पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. अखंड अ‍ॅक्सलचे जोड किंवा बुश सैल असतील, किंवा गाडी उंच केल्याने चाकांचा कॅस्टर कोन बिघडला असेल, तर एखाद्या खड्ड्यानंतर दोन्ही चाके जोरात डावी-उजवीकडे आपटू लागतात. हाच ‘डेथ वॉबल’. अशा वेळी स्टिअरिंग घट्ट धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, घाबरून जोरात ब्रेक मारू नये आणि वेग उतरू द्यावा.

नवा डॅम्पर बसवला की झाले?

अनेकदा हाच उपाय सुचवला जातो. जड डॅम्पर थरथर दाबतो, पण सैल जोड सैलच राहतो आणि झिजत जातो. त्यामुळे आधी रिम साफ करणे आणि हवा तपासणे, मग बॅलन्सिंग, मग जोड आणि बुश, त्यानंतर अलाइनमेंट आणि सर्वांत शेवटी डॅम्पर, हाच क्रम योग्य. अटल सेतूवर मोटारींना ताशी १०० किमी, तर कोस्टल रोडच्या सरळ टप्प्यात ८० किमीची मर्यादा आहे. शहरातल्या कोंडीत लपलेला दोष आता घराजवळच उघड होतो. तो तिथे वळणावर अचानक उघड होण्याआधी गॅरेजमध्ये सापडलेला बरा.