इतिहासावाचून घडणारे घनाकार

संपादकांची आज्ञा अशी होती की, घनाकृतीचे पृष्ठ थेट धरून ओढण्याची मुभा देणारे, आणि तरीही लहान कारखानदाराच्या ऐपतीत बसणारे संगणकीय कार्यक्रम कोणते, याची चौकशी करून वृत्तांत सादर करावा. अशा चौकशीला कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीहून योग्य ठिकाण मला सुचले नाही. कारण ओतकामाच्या त्या मुलखात पॅटर्न करणाऱ्याच्या हाती येणारी आकृती बहुधा परक्याने काढलेली, 'स्टेप' या सर्वमान्य स्वरूपात पाठविलेली आणि ती कोणत्या क्रमाने घडली याचा मागमूस नसलेली अशी असते.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. केंब्रिज विद्यापीठात घनाकृतीचे गणित रचणाऱ्या इयान ब्रेड प्रभृतींनी १९७४ मध्ये 'शेप डेटा' ही कंपनी काढली, आणि तिच्याच परंपरेतून 'पॅरासॉलिड' हा गणिती गाभा, म्हणजे कर्नल, निपजला. पुढे 'प्रो-इंजिनिअर'ने प्रत्येक कृतीची नोंद ठेवणारी पद्धत रूढ केली; ती नोंद झुगारून पृष्ठालाच हात घालणारा 'स्पेसक्लेम' २००७ मध्ये आला, आणि त्याचीच एक मर्यादित आवृत्ती २०१३ मध्ये 'डिझाइनस्पार्क मेकॅनिकल' या नावाने विनामूल्य मिळू लागली.

शिरोलीतील पॅटर्नच्या कारखान्यात ज्या तरुण ड्राफ्ट्समनच्या शेजारी मी बराच वेळ बसलो, त्याच्यापुढे पंपाच्या आवरणाची आकृती होती. ग्राहकाने पाठविलेला आकार मशिनिंग झाल्यानंतरचा, पॅटर्नला हवा तो ओतण्याचा. म्हणून बोल्टची छिद्रे बुजवायची, तासल्या जाणाऱ्या पृष्ठांवर तीन मिलिमीटरचा अलाउन्स चढवायचा, उभ्या भिंतींना ड्राफ्ट, म्हणजे किंचित उतार, द्यायचा, आणि राखाडी बीड थिजल्यावर थंड होताना सुमारे एक टक्का आकसते म्हणून अखेरीस सगळी आकृती तेवढी फुगवायची. छिद्राचे दंडगोल पृष्ठ निवडून त्याने 'फिल' ही आज्ञा दिली आणि छिद्र नाहीसे झाले. दिसायला एवढेच, परंतु त्या निमिषात ते पृष्ठ काढून टाकलेले असते, शेजारची पृष्ठे वाढवून ती परस्परांना कोठे भेटतात हे सोडविलेले असते, आणि घनाकृती पुन्हा निर्व्यंग बंद केलेली असते. सपाट भिंतीतल्या छिद्राला हे सोपे. पण दोन नळ्यांच्या सांध्यावरील गोलाईला दुसरी गोलाई छेदून गेली असली, की शेजारची पृष्ठे कितीही वाढविली तरी भेटत नाहीत आणि कर्नल साफ नकार देतो. तेथे हा तरुण हट्ट धरीत नाही. आधी लहान गोलाई काढतो, मग मोठी, मग भिंत ओढतो, आणि गोलाया उलट क्रमाने परत चढवितो. नोंद नको म्हणून पत्करलेल्या कार्यक्रमात क्रमाचे भान असे माणसालाच बाळगावे लागते, आणि त्याचे ते भान पाहून मी थक्क झालो.

माझ्या मते खरी तुलना कर्नलच्या या नकाराचीच आहे. पॅरासॉलिडवर चालणारा 'प्लॅस्टिसिटी' कलावंतांसाठी काढलेला असला तरी गोलाईच्या बाबतीत उदार आहे. 'ओपन कॅस्केड' या कर्नलवर उभा असलेला 'फ्रीकॅड' गोलाईपाशी लवकर अडतो, आणि पृष्ठ ओढणे हा त्याचा पिंडही नव्हे, तरी नको असलेली छिद्रे काढून टाकण्याची सोय त्यात आहे. 'स्केचअप' ओढण्यात सर्वांत लाघवी. परंतु त्याचे वर्तुळ मुळात चोवीस बाजूंचा बहुकोन असल्याने घरबांधणीला ते चालते, बोअरला चालत नाही.

किमतीचा प्रश्न मी सोपा समजत होतो, तोच सर्वांत बिकट निघाला; कारण मोफत म्हणून मिळते ती मालकी नसून मर्जीपुरती वहिवाट असते. डिझाइनस्पार्कच्या प्रारंभीच्या आवृत्तीत 'स्टेप'ची ने-आण वेगळा मोबदला दिल्यावाचून होत नसे, आणि शिरोलीत तर कामाचा आरंभच तेथून होतो. 'फ्यूजन ३६०'च्या वैयक्तिक परवान्यावर २०२० मध्ये एका वेळी दहाच दस्तऐवज संपादनक्षम ठेवण्याचे बंधन आले; 'स्टेप'मध्ये आकृती बाहेर नेण्याची सोयही काढून घेण्याचे जाहीर झाले होते, ते ओरड झाल्यावर मागे घेतले गेले. शिवाय तो परवाना धंद्याकरिता नाहीच. 'ऑनशेप' मोफत वापरावा तर आकृती जगाला खुली होते, आणि ग्राहकाच्या पंपाचे आवरण असे चव्हाट्यावर मांडण्यास कोणता कारखानदार राजी होईल?

उरतात दोन वाटा: एकदाच किंमत मोजून घेतलेला प्लॅस्टिसिटी, ज्याच्या सुधारणा वर्षभरच मिळतात पण हाती असलेली आवृत्ती पुढेही चालते, आणि परवाना रद्द करणारा धनीच नसलेला फ्रीकॅड, ज्याची १.० ही आवृत्ती २००२ पासून चाललेल्या खटाटोपानंतर २०२४ मध्ये आली. दोन्ही ठेवावेत असे त्या तरुणाचे म्हणणे आहे. नव्या कार्यक्रमावर हात बसेपर्यंत पॅटर्न उशिरा गेले तर फाउंड्रीवाला थांबणार नाही, असे कारखान्याच्या मालकांचे.