एक इयत्ता गाळावी का?

जून महिना उजाडला, शाळेची घंटा पुन्हा वाजू लागली, की एखादे आईबाप गुरुजींना गाठतातच. “गुरुजी, आमची पोरगी दुसरी पास झाली. पण थोरल्याची चौथीची गणितं ती तोंडी सांगते. तिला तिसरीत वर्षभर बसवून काय उपयोग? एकदम चौथीत घाला की!”

आपल्या आजोबांच्या पिढीत याला ‘डबल प्रमोशन’ म्हणत, आणि ज्याला ते मिळाले त्याचे नाव गावात वर्षानुवर्षे निघे. आज असे पालक आले की काही गुरुजी हसून विषय टाळतात, तर काही पालकांच्या आग्रहापुढे मान तुकवतात. दोन्ही वेळा मूल बाजूलाच राहते. ‘मुलगी हुशार आहे का?’ हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. हुशार मुले प्रत्येक वर्गात दोनचार असतातच. विचारायचे ते असे, की येत्या वर्षभरात त्या वर्गात तिला नवे शिकण्यासारखे काही उरले आहे का?

काहीच उरले नसेल, तर तिला तिथे बसवून ठेवणे निरुपद्रवी आहे असे समजू नका. फळ्यावरची पाच उदाहरणे ती पाच मिनिटांत करते आणि उरलेली पंचवीस मिनिटे ‘गप्प बैस’ हे ऐकते. अशी चारपाच वर्षे गेली की अभ्यास म्हणजे घाम न गाळता मिळणारी शाबासकी, असे तिच्या मनात पक्के बसते. कॉलेजात आम्हाला याची फळे दिसतात. दहावीपर्यंत पुस्तकाशी कधी झटावे लागले नाही अशी काही मुले अकरावीच्या पहिल्याच अवघड धड्याला बिचकतात. अवघड गोष्टीपाशी चिकाटीने बसायची सवय त्यांना कुणी लावलेलीच नसते.

‘मोठ्या मुलांत लहान मूल कोमेजते’ ही भीती आपल्याकडे फार आहे. या बाबतीत जगात पुष्कळ पाहणी झाली आहे. अमेरिकेत टर्मन या मानसशास्त्रज्ञांनी १९२१ साली कॅलिफोर्नियातली दीड हजारांवर बुद्धिमान मुले निवडून त्यांचा पुढे कित्येक दशके मागोवा घेतला. २००४ साली आयोवा विद्यापीठातून अशा सर्व संशोधनाचा आढावा घेणारा मोठा अहवाल निघाला. नीट पारखून वरच्या वर्गात घातलेली मुले अभ्यासात मागे पडत नाहीत आणि मनानेही सहसा कोमेजत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र ‘नीट पारखून’ हे शब्द विसरू नका. सगळे त्यांच्यावरच अवलंबून आहे.

मग पारखायचे कसे? आधी जन्मतारीख पाहा. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या वयात जवळजवळ एक वर्षाचे अंतर असू शकते. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा झाला! वर्गात उठून दिसणारे मूल पुष्कळदा नुसते वयाने मोठे असते, आणि बाकीची मुले दोनतीन वर्षांत त्याला गाठतात. याउलट वर्गातले सर्वांत लहान मूल जर सर्वांच्या पुढे असेल, तर त्याच्याकडे खरोखर लक्ष द्यायला हवे.

त्यानंतर गाळावयाच्या इयत्तेच्या वार्षिक प्रश्नपत्रिका मुलाला सोडवायला द्या. सगळ्या विषयांच्या द्या, नुसत्या गणिताच्या नव्हे. श्रीनिवास रामानुजन यांच्यासारख्या गणितीलाही कुंभकोणमच्या कॉलेजात इतर विषयांत नापास झाल्यामुळे शिष्यवृत्ती गमवावी लागली होती. एका विषयात आकाश गाठणारे मूल दुसऱ्या विषयात जमिनीवर असू शकते. पेपर तपासताना उत्तराइतकीच रीतही बघा. थोरल्या भावाचे ऐकून पाढे पाठ झाले म्हणजे भागाकार समजला असे नाही. बारा पेरू तिघांत वाट, असे सांगा. मग तेरा दे आणि काय उरते ते विचारा. अपूर्णांकासाठी भाकरीचे तुकडे करून पाहा. कुठे खिंडार सापडले तर तेवढाच भाग महिना दीड महिना शिकवता येतो. पण जागोजागी खिंडारे असतील तर ती इयत्ता गाळण्याचा विचार सोडून द्यावा.

हाताचेही पाहिले पाहिजे. सात वर्षांच्या मुलाचे डोके कितीही धावो, बोटे सात वर्षांचीच असतात. चौथीत उतारे लिहायचे असतात, वेळेत पेपर पुरा करायचा असतो. डोक्यात उत्तर असून हात पुरत नाही म्हणून रडणारी मुले शिक्षकांना माहीत आहेत.

आता त्या थोरल्या भावाकडे वळू. आयोवातल्याच तज्ज्ञांनी अशा निर्णयासाठी एक मोजपट्टी तयार केली आहे. तिच्यात काही गोष्टी अशा मानल्या आहेत, की त्यांतली एक जरी असली तरी इयत्ता गाळू नये. ज्या वर्गात मूल जाणार त्यात त्याचे सख्खे भावंड बसत असणे, ही त्यांतली एक. यामागचे कारण परक्या पुस्तकात शोधावे लागत नाही. धाकटी बहीण शेजारी येऊन बसली, आणि रोज घरी ‘बघ, तुझ्यापेक्षा लहान असून!’ हे ऐकावे लागले, तर त्या पोराचे शाळेवरून मन उडेल. एका लेकराचे वर्ष वाचवताना दुसऱ्याची शाळा घालवायची का?

दुसरी अशीच गोष्ट म्हणजे मुलाची स्वतःची इच्छा. ते नको म्हणत असेल तर तिथेच थांबावे. मात्र चार माणसांत विचारू नका. तिथे मूल आईबापांना आवडेल तेच बोलते. शेतावर जाताना, भांडी घासताना, सहज विचारा, आणि मैत्रिणी मागे राहतील हेही सांगा.

खेड्यातल्या माणसाने आणखी एक हिशेब करावा. बऱ्याच गावांतली शाळा चौथीला संपते. इयत्ता गाळली की मूल एक वर्ष आधी एस.टी.ने किंवा पायी परगावच्या शाळेत, मोठ्या मुलांत जाऊ लागते. मुलीच्या बाबतीत तर ‘लवकर शिकून मोकळी होईल’ असा सूर घरात असेल, तर मोकळी होईल ती कशासाठी, हे गुरुजींनी स्पष्ट विचारावे. नवोदय विद्यालयाचा विचार असेल तर त्याचे चालू माहितीपत्रक आधी वाचा. ग्रामीण जागांसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी या प्रत्येक इयत्तेत पूर्ण वर्ष शिकलेले असावे, अशी अट त्यात असते. म्हणजे तिसरी गाळल्याने नवोदयचे दार बंद होऊ शकते. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेलाही प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण लागतात. सहाव्या वर्षी पहिलीत गेलेल्या मुलाने एक वर्ष गाळले तर निभावते, पण दोन गाळली तर बारावीनंतर घरी बसायची पाळी येते.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर सबंध वर्ग बदलण्याआधी एकच विषय बदलून पाहावा. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड येथे १९७५ साली जन्मलेले गणितज्ञ टेरेन्स ताओ यांचे उदाहरण घ्या. साडेतीन वर्षांचे असताना त्यांना शाळेत घातले. बुद्धी पुढे होती, पण शाळेत बसण्याचे वय नव्हते, हे ओळखून आईवडिलांनी काही आठवड्यांतच त्यांना काढून घेतले. पुढे पाचव्या वर्षी ते पुन्हा शाळेत गेले. मग मात्र ज्या विषयात जेवढी गती तेवढा वरचा वर्ग, असे चालले. सातआठ वर्षांचे असताना ते गणितासाठी हायस्कुलात जात नि बाकीचे काही विषय खालच्या वर्गात शिकत. याच ताओंना २००६ साली गणितातले फील्ड्स पदक मिळाले.

आपल्या द्विशिक्षकी शाळेत तर ही सोय आयतीच आहे! एका खोलीत दोन वर्ग, मध्ये भिंतसुद्धा नाही. तिसरीतली मुलगी चौथीचे गणित ऐकतेच आहे. गुरुजींनी फक्त तिची पाटी तिकडे सरकवायची. हजेरी तिसरीत, भाषा तिसरीत, गणित चौथीत. याला कुणाची परवानगी लागत नाही, आणि जमले नाही तर गाजावाजा न करता परत येता येते.

असे वर्षभर करूनही मूल सर्वच विषयांत पुढे धावत असेल, भाऊ त्या वर्गातून पुढे गेला असेल, आणि मुलीचीही तयारी असेल, तर मग मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांना लेखी विचारावे. विद्यार्थ्यांची नोंद आता इयत्तावार ऑनलाइन होते. तोंडी सांगून वरच्या वर्गात बसवलेल्या मुलाचा दाखला पुढे अडतो. बदल करायचा तो वर्षाच्या सुरुवातीलाच करावा, अर्ध्यावर नको. आणि पहिल्या दिवशीच पालक व गुरुजी यांनी आपसात ठरवून ठेवावे, की सहामाही परीक्षेपर्यंत पाहू. तोवर मूल रात्री दचकून उठू लागले, डबा तसाच परत आणू लागले, मधल्या सुट्टीत एकटे बसू लागले, तर पेपरात गुण कितीही असोत, पुन्हा एकत्र बसून विचार करू.