शेजारचं मांजर, आपली मेथी

छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या एन-पाच, एन-सातपासून गारखेडा, उल्कानगरीपर्यंत एक भांडण ठरलेल्या शब्दांत होतं. ‘काकू, तुमच्या मांजरानं रात्री आमचा मेथीचा वाफा उकरून ठेवला.’ पलीकडून उत्तर येतं, ‘आमचं कुठलं? गल्लीतलं आहे ते. आम्ही नुसतं उरलंसुरलं दूध घालतो.’ दोन्ही बाजू आपापल्या परीनं खरं बोलत असतात, म्हणूनच भांडण मिटत नाही. रो-हाऊसची रचना त्यात भर घालते. दोन घरांत मिळून एकच कंपाउंड वॉल, समोर हातभर अंगण, त्यात तुळस, गुलाब, कढीपत्ता आणि कोथिंबिरीचा नाहीतर मेथीचा एखादा वाफा. भिंतीच्या माथ्यावरची चार-सहा इंचांची पट्टी हा मांजराचा हमरस्ता. त्यावरून ते एका रात्रीत अख्खी लाइन फिरून येतं. भिंत कुणाच्या मालकीची, हा प्रश्न त्याला पडत नाही.

त्याला मेथीशीही काही देणंघेणं नसतं. त्याला माती हवी असते, आणि तीही खास प्रकारची. कार्लोस ड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जगभरच्या मांजरांचा डीएनए तपासला, तेव्हा सगळ्या पाळीव मांजरांचं मूळ पश्चिम आशियातल्या एका रानमांजरात निघालं. सायप्रस बेटावर माणसाच्या शेजारी पुरलेलं सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं मांजर सापडलं आहे, म्हणजे ही सोबत तितकी जुनी. पण तो मूळ पूर्वज कोरड्या, भुसभुशीत जमिनीचा रहिवासी. पंजानं सहज उकरता येईल, विष्ठा झाकता येईल, अशी बारीक आणि कोरडी माती तो शोधायचा. घरात येऊन हजारो वर्षं झाली तरी ही सवय गेली नाही. घरात जन्मलेलं, आईला माती उकरताना कधीही न पाहिलेलं पिलूसुद्धा वाळू दिसली की उकरायला लागतं.

आता आपल्या शहराकडे या नजरेनं बघा. मराठवाड्याची काळी माती मार्चनंतर दगडासारखी घट्ट होते, तिला भेगा पडतात; तिच्यात मांजराचा पंजा रुतत नाही. उरलेल्या अंगणांवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शहाबादी फरशी आणि पेव्हर ब्लॉक बसले. पूर्वी बांधकामाजवळ वाळूचे ढीग असायचे, ते अजून सातारा-देवळाई भागात दिसतात, पण जुन्या कॉलन्यांत तेही नाहीत. अशा परिस्थितीत अख्ख्या गल्लीत एकच जागा मऊ उरते, ती म्हणजे तुमचा वाफा. तुम्ही माती चाळलीत, तिच्यात शेणखत आणि कोकोपीट मिसळलंत, ढेकळं फोडलीत, वरून बी पेरून हात फिरवलात. मांजराच्या दृष्टीनं याहून चांगली सोय कोणी मुद्दाम करूनही झाली नसती. म्हणून बी पेरल्यापासून रोपं चांगली वर येईपर्यंतचे दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. रोपं दाट झाली की मांजर आपणहून दुसरीकडे वळतं, कारण उकरायला जागाच राहत नाही.

एक तण मात्र त्याला मुद्दाम बोलावतं. कुंड्यांत आणि वाफ्यांत आपोआप उगवणारी खोकली, काही ठिकाणी तिला कुप्पी म्हणतात. तिचं मूळ उपटलं की त्याच्या वासानं पुष्कळ मांजरं वेडीपिशी होतात, त्यावर लोळतात, ते चावतात. परदेशात कॅटनिप नावाच्या वनस्पतीचं जे कौतुक चालतं, तोच प्रकार. खुरपणी करून खोकली तिथेच टाकून दिली, तर रात्री पाहुणा येणारच. ती उचलून लांब टाकावी.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, ती आधी सोडवायला हवी. वाफ्यात उकरून केलेली घाण हा एक प्रकार. फाटकावर, कुंडीवर, स्कूटरच्या चाकावर शेपटी उभी करून मारलेली मुताची पिचकारी हा दुसरा. पहिला प्रकार शौचाचा, दुसरा निरोपाचा. मांजराच्या मुतात फेलिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते हवेत विघटित होऊ लागलं की गंधकयुक्त संयुगं तयार होतात आणि डोळ्यांत पाणी आणणारा तो उग्र दर्प सुटतो. फेलिनिन तयार होण्यात कॉक्सिन या प्रथिनाचा हात असतो, हे जपानच्या मासाओ मियाझाकी यांच्या गटानं २००६ मध्ये दाखवलं. खच्ची न केलेल्या बोक्यात फेलिनिन सर्वाधिक. दुसऱ्या बोक्याला आणि माजावर आलेल्या मांजरीला तो वास वाचता येतो, आपल्याला फक्त नाक दाबता येतं. पिचकारीवर जाळी-काट्यांचा उपाय चालत नाही. बोक्याची नसबंदी केली तर दहापैकी सुमारे नऊ बोक्यांत ही सवय जाते किंवा पुष्कळ कमी होते. आणि ती जागा अमोनियाच्या क्लिनरनं धुऊ नये. अमोनियाचा वास मुताच्या वासाशी जुळतो, मग बोका तिथे पुन्हा आपली सही करून जातो.

आता उपायांकडे वळू. त्यातला सगळ्यात दिसणारा उपाय म्हणजे फाटकाशी ठेवलेल्या लाल किंवा निळ्या पाण्याच्या बाटल्या. कुत्र्यांसाठी सुरू झालेला हा प्रकार मांजरांसाठीही चालवला जातो. मांजराच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. निळा त्याला दिसतो, लाल मात्र मळकट वाटतो. दिसला तरी त्यानं घाबरावं कशाला, याचं उत्तर कुणाकडे नाही. जपानमध्येही मांजरं येऊ नयेत म्हणून घराभोवती साध्या पाण्याच्या बाटल्या मांडतात. तिथल्या अग्निशमन दलांनी त्याबद्दल उलट इशाराच दिला, कारण पाण्यानं भरलेली बाटली भिंगाचं काम करते आणि एकवटलेल्या उन्हानं आग लागू शकते. आपल्याकडच्या मे महिन्यात हे विसरू नये.

परदेशी पुस्तकांत मांजर आलं की पाणी उडवणारे सेन्सरचे फवारे सुचवलेले असतात. ते चालतात, यात शंका नाही. पण जायकवाडी उशाशी असूनही ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड, कधी आठवड्यानं पाणी येतं, तिथे हा सल्ला देणाऱ्याला काकूंनी टँकरचं बिल दाखवावं. श्राव्यातीत आवाजाची यंत्रं ऑनलाइन मिळतात. मांजराला माणसाच्या तिप्पट-चौपट उंच पट्टीतला आवाज ऐकू येतो, त्यामुळे कल्पनेत दम आहे. ब्रिटनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका प्रयोगात मांजरांच्या फेऱ्या सुमारे एक तृतीयांशानं कमी झाल्या, दुसऱ्यात फेऱ्यांवर ठोस परिणाम दिसला नाही. आत थांबण्याचा वेळ मात्र दोन्हींत घटला. म्हणजे काहीच नाही असं नाही, पण त्याच पैशात जाळी येते.

जाळीच येऊ द्या. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी वाफ्यावर अंथरून कडांवर विटा ठेवायच्या. रोपं छिद्रांतून वर येतात, पंजा आत जात नाही. हे जमणार नसेल तर खेड्यात रोपांभोवती टाकतात तशी बोराटी टाकावी. बोरीच्या काटेरी फांद्या मराठवाड्यात कुठेही मिळतात आणि मांजर त्यात पाय घालत नाही. कुंड्यांत मातीवर मोठे गोटे किंवा नारळाच्या करवंट्यांचे तुकडे ठेवावेत. संध्याकाळी पाणी देता येत असेल तर द्यावं, ओली माती मांजराला आवडत नाही. हे उपाय फारसे कुणी सांगत नाही, कारण त्यांत विकण्यासारखं काही नाही.

जे उपाय सर्रास केले जातात ते मात्र धोक्याचे आहेत. डांबरगोळ्या, काळं फिनाईल, तिखट. मांजराच्या यकृतात एक जुनी उणीव आहे. फिनॉलसारखी रसायनं निकामी करून बाहेर टाकायला जे विकर लागतं, त्याचा एक महत्त्वाचा जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेला आहे. फक्त मांस खाणाऱ्या प्राण्याला वनस्पतींतली विषं पचवायची गरजच पडली नाही, म्हणून तो मोडला तरी काही बिघडलं नाही, असं संशोधकांना वाटतं. माणसाला सोसवणारी पॅरासिटामोलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, ती याचमुळे. फिनाईल पायाला लागतं, मांजर पाय चाटतं आणि विष पोटात जातं. डांबरगोळीतलं नॅप्थलीन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं, आणि रांगत्या मुलांच्या हाती लागलं तर त्यांनाही सोडत नाही. तिखटानं मांजर पळतं खरं, पण डोळ्यांची आग घेऊन. मुद्दाम विष घालणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकणारा गुन्हा आहे. शेजाऱ्यावरच्या रागात हे लक्षात राहत नाही.

तसंच पोत्यात घालून दूर सोडून येण्याचं. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ एफ. एच. हेरिक यांनी १९२२ मध्ये पिलं असलेल्या एका मांजरीला काही मैलांवर नेऊन सोडून पाहिलं, ती बहुतेक वेळा परत आली. नाही आली तरी रिकामी झालेली जागा दुसरं मांजर घेतं, कारण दूध आणि वाफा दोन्ही जागेवरच असतात.

बागवाल्यांची एक चिंता मात्र रास्त आहे. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून मातीत येतो. मांजराची ही भूमिका १९७० च्या सुमारास स्पष्ट झाली. गर्भवतीला पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर बाळाला धोका असतो. पण बहुतेक मांजरं आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे त्याची ऊसिस्ट नावाची सूक्ष्म बीजरूपं टाकतात, आणि ती बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस घेतात. ओल्या मातीत ती वर्षभरही टिकू शकतात. म्हणून घाण दिसली की त्याच दिवशी उचलावी, मातीत काम करताना हातमोजे घालावेत, अंगणातली कोथिंबीर धुऊनच वापरावी आणि घरात कुणी गर्भवती असेल तर तिनं वाफ्याचं काम दुसऱ्यावर सोपवावं.

आता पलीकडच्या काकूंबद्दल. २०२० मध्ये रोलंड केज आणि सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या नऊशेहून अधिक पाळीव मांजरांच्या गळ्यात जीपीएस बांधलं. बहुतेक मांजरं घरापासून शंभर मीटरच्या आतच फिरत होती. म्हणजे तुमच्या वाफ्यात येणारं मांजर बहुधा याच गल्लीत किंवा मागच्या गल्लीत कुणीतरी जेवू घालतंय. ‘आमचं नाही, गल्लीचं आहे’ या वाक्याला विज्ञानाचा फारसा पाठिंबा नाही. जो वाडगा ठेवतो, त्याची निम्मी जबाबदारी आली.

शिवाय दूध-पोळीवर मांजर जगतं, हा आपला जुना समज चुकीचा आहे. मांजर शुद्ध मांसाहारी. टॉरिन हे द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं, आणि मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. अर्धपोटी मांजर शिकारीला निघतं, आणि अंगणात पहिला नंबर लागतो कमरेएवढ्या झुडपात घरटं करणाऱ्या बुलबुलाचा आणि शिंप्याचा. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात मांसाचं प्रमाण भरपूर असलेलं खाद्य दिल्यावर मांजरांनी घरी आणलेल्या शिकारी ३६ टक्क्यांनी घटल्या. रोज पाच-दहा मिनिटं त्यांच्याशी खेळल्यावर २५ टक्क्यांनी. घंटेचा मात्र काही परिणाम दिसला नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, यावर इतकी शतकं वाद घालणाऱ्या उंदरांना हे आधी कळायला हवं होतं. सालिम अली यांचं नाव तलावाला देणाऱ्या शहरानं अंगणातल्या पाखरांचा एवढा विचार तरी करावा.

संख्या हा उरलेला प्रश्न. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, सुमारे ६३ दिवसांत विते आणि एका वेताला तीन-चार पिलं होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात हडपसरच्या एका सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये तीनशेहून अधिक मांजरं असल्याचं उघड झालं. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून महापालिका आणि पोलीस तिथे पोचले, तेव्हा मांजरांवरची माया आणि त्यांची देखभाल यांतलं अंतर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. मुंबई महापालिकेनं भटक्या मांजरांची नसबंदी हाती घेतली आहे. इथेही ज्या घरी वाडगा ठेवला जातो, त्या घरानं महापालिकेची वाट न पाहता पशुवैद्यकाला गाठायला हरकत नाही.

तेव्हा दोन्ही बाजूंना विनंती. मांजराला खाऊ घालणाऱ्यांनी त्याची नसबंदी करून घ्यावी, रेबीजची लस द्यावी आणि छज्ज्याखाली, पाऊस लागणार नाही अशा जागी एका पसरट घमेल्यात चार बोटं वाळू ठेवावी. ती रोज साफ करावी, कारण घाण वाळू मांजर वापरत नाही. बागवाल्यांनी बी पेरतात त्याच दिवशी जाळी अंथरावी. दोन्ही कामं एकाच आठवड्यात व्हायला हवीत. नुसती जाळी लावली तर मांजर तिसऱ्याच्या वाफ्यात जाईल, आणि नुसतं घमेलं ठेवलं तर त्याला तुमचा वाफाच जास्त आवडेल.